इर्जिकीत थिजलेली मी

भांडणात मला आजवर कुणी हरवलेलं नाही. आग लागली, भूकंप झाला तर काय करायचं, हे शाळेत मुलांना शिकवणारी बाईही मीच. म्हणून तर उत्रोलीच्या खाचरात जे झालं ते सांगताना माझा मलाच संताप येतो.

भातलावणीला दरवर्षी मी भोरहून उत्रोलीला भावाकडे जाते. आमच्याकडे अजून इर्जिक चालते. आज सगळी आळी याच्या रानात राबते, उद्या त्याच्या. गेल्या वर्षी त्या दिवशी आमची पाळी होती. दादा पॉवर टिलरनं चिखलणी करत होता. यंत्र मागं घेताना त्याचा पाय रुतला, तो पडला आणि फिरती पाती त्याच्या पावलावर आली.

"बंद कर! बटण दाब!" तो माझ्याकडे बघून ओरडला.

मी चार पावलांवर होते. बटण कुठलं ते त्यानंच मला दाखवलेलं. सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं, फक्त मी हलत नव्हते. हातपाय गळाले म्हणतात, तसं नव्हे. ते लाकडासारखे ताठ झाले होते. खाचराच्या पार दुसऱ्या टोकाहून वहिनी चिखल तुडवत धावत आली आणि तिनं इंजिन बंद केलं. दादाच्या पायाची दोन बोटं गेली. माझ्या मुठीतली रोपांची जुडी शेजारणीला बोटं उकलून काढावी लागली.

"येवढी शिकल्याली, आन् नुसती हुबी!" बांधावर कुणीतरी म्हणालंच. अख्खी आळी साक्षीला होती, कुणाकुणाचं तोंड धरणार?

दादाची पट्टी बदलायला गेलो तेव्हा मी डॉक्टरांना बाजूला गाठून विचारलं, मी भित्री आहे का? ते म्हणाले, "संकटात शरीर लढतं, पळतं, नाहीतर थिजतं. ते तुम्हाला विचारून ठरवत नाही." मला तिथंच रडू फुटलं. घरी येऊन दादाला सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"व्हय गं. कुत्रं दिसलं की ससा बी आसाच दबून बसतो. तुजी काय चूक न्हाई त्यात."

तो मनापासून बोलत होता. त्या रात्री मला कितीतरी दिवसांनी झोप लागली.

यंदा पुन्हा इर्जिक झाली. दादा बूट घालून, जरा लंगडत खाचरात उतरला. या वेळी काही चुकू द्यायचं नाही असं ठरवून मी आपणहून यंत्राजवळ जाऊन उभी राहिले. वहिनी लांब रोपं उपटत होती. दादानं इंजिनाकडे नेलेला हात मागं घेतला.

"जरा हिला बोलीव की हिकडं," तो मला म्हणाला, खाली बघत.

मी वहिनीला बोलावलं. ती येऊन उभी राहीपर्यंत त्यानं यंत्राला हात लावला नाही. मी त्याच्या शेजारीच उभी होते.