आपल्याचा गुडघा

हॉलिवूडच्या त्या मारामारीवाल्या नटाचं चरित्र लिहायला उद्या कुणी बसलंच, तर त्याने अमेरिकेला जायची तसदी घेऊ नये, रियाधहून गाडी काढावी आणि सरळ अल खर्जला माझ्या बायकोच्या मामूंकडे जावं, असं मी अगदी परवापरवापर्यंत लोकांना सांगत असे. त्या नटाला स्वतःबद्दल ठाऊक नसेल तेवढं मामूंना ठाऊक होतं, आणि जे मामूंना ठाऊक नव्हतं ते घडलंच नसावं असं समजायला हरकत नव्हती. मामू रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे. ऐन तरुणपणी सौदीला आले आणि अल खर्जच्या एका दूध कारखान्यात पाइप, पंप आणि थंड करायची यंत्रं दुरुस्त करता करता त्यांनी साठी ओलांडली. नट कोळशाच्या खाणींच्या गावचा. त्याचा बाप घर सोडून गेला तेव्हा तो शाळकरी वयात पहाटे उठून घरोघर दुधाच्या बाटल्या टाकायचा. हे मामूंनी कुठल्याशा जुन्या मासिकात वाचलं आणि त्या दिवसापासून तो त्यांच्या धंद्यातला माणूस झाला. मामू त्याचं नाव कधी घेत नसत. आमच्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, त्याच अदबीने ते त्याला नुसतं 'आपला' म्हणत. शुक्रवारी ते लबनचे, म्हणजे ताकाचे, कॅन घेऊन आमच्याकडे आले की माझी बायको आधी विचारायची, मामू, गुडघा कसा आहे? आणि मामू गंभीरपणे सांगायचे की आपल्याचा उजवा अजून सुजतो.

हॉलिवूड त्यांनी सौदीच्या हिशेबाने समजून घेतलं होतं. ज्याच्या मर्जीवर परदेशी माणसाचा इथला मुक्काम असतो तो कफील तिकडेही असतोच, फक्त तिकडे त्याला निर्माता म्हणतात, असं त्यांचं ठाम मत. आपल्याचे लागोपाठ चार सिनेमे आपटले त्या काळात मामू खंगले होते. "कफील वाईट गाठ पडला," ते सांगत. "काम देतो, पण इज्जत देत नाही." त्याच्या तिन्ही लग्नांवर त्यांची मतं होती. पहिली बायको गुणी होती, तिला त्याने दुखवायला नको होतं. दुसरीबद्दल बोलू नये. तिसरीच्या वेळी त्याने घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारलं असतं तर बरं झालं असतं, आणि या वडीलधाऱ्यांत मामू स्वतःला धरत असावेत असा मला दाट संशय आहे, जरी नट त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी थोरला होता. त्याच्या पहिल्या सिनेमात तो दार उघडून आत येतो आणि गोळी लागून पडतो, एवढंच काम. मामू ते आमच्या दिवाणखान्यात करून दाखवत. दार कसं उघडलंय ते बघ म्हणायचे. मी बघायचो. दारासारखंच उघडलेलं असायचं.

सौदीत थिएटरं नव्हती तेव्हा मामू कामगारांच्या कॅम्पातल्या खोलीत दहाजण कोंबून कॅसेटवर सिनेमे बघत. त्या काळात एका सिनेमात आपला शेवटी मेला. मामूंनी बूथवर जाऊन गावी फोन लावला आणि हुंदक्यांमुळे त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. मामींनी साहजिकच घरचंच कुणी गेलं असं धरलं. शेजारणी जमल्या, कुराणपठण सुरू झालं, कुणीतरी चुलत दिराकडे माणूस धाडला, तर चुलत दीर स्वतःच धावत आला, तेव्हा निदान तो तरी नाही एवढं कळलं. खरं काय ते उघड झाल्यावर मामींनी महिनाभर अबोला धरला, आणि तेवढ्यात सिनेमाचा दुसरा भाग येतोय, त्यात तो जिवंत आहे, अशी बातमी आली. मामूंनी ती मामींना पत्राने कळवली. मामींनी उत्तर पाठवलं नाही.

पुढे आपल्याच्या गुडघ्याचं दुखणं निघालं आणि मामूंना काम मिळालं. मक्केला उमऱ्याच्या यात्रेला निघालेल्या माणसाला आमच्यात सगळे आपापली दुखणी सांगून ठेवतात आणि तो तिथे प्रत्येकासाठी दुआ मागतो. मामूंकडे गावातली सांधेदुखीपासून परीक्षेपर्यंतची सगळी दुखणी असत, पण पहिला मान आपल्याच्या गुडघ्याचा. एकदा बसमध्ये शेजारच्या एका धार्मिक गृहस्थांनी हरकत घेतली, की असल्या परक्या सिनेमावाल्यासाठी इतक्या लांब जाऊन दुआ मागायची? मामू शांतपणे म्हणाले, "मी त्याच्या सिनेमासाठी मागत नाय. गुडघ्यासाठी मागतो." गृहस्थांनी बराच विचार केला, आणि उतरताना स्वतःच्या कंबरेचंही सांगून ठेवलं.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, पण मागच्या वर्षी मामू दुधाच्या टाकीच्या शिडीवरून पडले. पाय प्लास्टरमध्ये असताना ते मामींना फोनवर फक्त चेहरा दाखवत. माझ्या बायकोच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्यामुळे बातमी गावी पोचलीच. त्या शुक्रवारी आमच्या घरून मामूंनी फोन लावला तेव्हा मामी ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. म्हणाल्या, "आता याल तर तुमच्या पायांनी या. पेटीतून आणलेला माणूस मला नको." आमच्या किनाऱ्यावर ज्या गावात अशी पेटी उतरली नाही असं गाव सापडायचं नाही. मामू मात्र फोन ठेवून माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "आपला माझ्यापेक्षा थोरला. अजून विमानाला लटकतो. मी शिडी चढलो तर काय झालं?" पालथ्या घड्यावर पाणी. दरवेळी ते कायमचं परतायचं ठरवत, दरवेळी आपल्याचा नवा सिनेमा येई आणि मामूंचा करार पुढे सरके. आता कारखान्याने शेवटचं विचारलं होतं: आणखी दोन वर्षं, की कायमचं घरी? रविवारी उत्तर द्यायचं होतं.

आणि नेमका त्याच आठवड्यात आपला रियाधला आला. कसलासा मोठा महोत्सव होता, चाहत्यांना त्याच्यासोबत फोटो काढून मिळणार होता. माझ्या मुलीने फोनवर मामूंचं नाव नोंदवलं. मी सोबतीला. मामूंना ही चाहत्यांची भेट आहे हे पटेना, कारण त्यांच्या लेखी ती बीमारपुरसी होती, आणि आजारी माणसाकडे कुणी रिकाम्या हाताने जात नाही. त्यांनी मक्केहून आणलेल्या जमजमच्या पाण्याची बाटली, खजुराचा डबा आणि मामींनी गावाहून पाठवलेलं ओवा घालून कढवलेलं खोबरेल घेतलं. दारावरच्या शिपायाने तेल हुंगून काय आहे विचारलं. मामूंनी 'औषध' असं खरं उत्तर दिल्यामुळे तेल आणि पाणी दोन्ही तिथेच राहिलं. खजूर सुटले.

रांगेतला प्रत्येकजण जाई, हसे, लखकन उजेड पडे, आणि आयोजकांचा माणूस "यल्ला, यल्ला" करत त्याला पुढे ढकले. आपला एका उंच स्टुलावर बसला होता. मामूंनी लग्नातल्या नवरदेवाला भेटतात तसे दोन्ही हात हातात घेतले, कॅमेऱ्याकडे पाठ केली आणि वाकून त्याच्या गुडघ्याकडे बघत विचारलं, "नी? हाऊ?" मामूंचं इंग्रजी क्रियापदांवाचून चालतं. त्या माणसाने संध्याकाळपासून बहुधा पहिल्यांदाच कुणाकडे नीट पाहिलं असावं. त्याने दोन्ही गुडघ्यांवर टिचकी मारून सांगितलं की दोन्ही बदललेत, आता आत धातू आहे, आणि उड्या तर कित्येक वर्षं दुसराच कुणी मारतो. हे सांगताना त्याला काही लाज वाटल्याचं दिसलं नाही. मग त्याने मामूंचं विचारलं. मामू म्हणाले, मिल्क, अल खर्ज, थर्टी इयर, मोअर. घर? इंडिया. घरी कोण? वाइफ.

"अजून आहे ती तिथे?" त्याने इंग्रजीत विचारलं. चेष्टा नव्हती. खरंच विचारत होता.

मामूंनी मान डोलावली. उजेड पडला, यल्ला झालं. फोटोत दोघं एकमेकांकडे बघताहेत आणि खजुराचा डबा मध्ये आहे.

अल खर्जच्या रस्त्याला लागलो तरी मामू खिडकीबाहेरच बघत होते. मला वाटलं, उड्यांचं मनाला लागलं. मी म्हणालो, अहो, या वयात कोण मारतं उड्या! त्यांनी ते ऐकलंच नाही.

"जावई," ते म्हणाले, "त्याला तिघी होत्या. एक नाय राहिली. त्याने विचारलं तवा मी हो बोललो, आणि माझं मलाच नवल वाटलं. मी तिला कधी विचारलंच नाय, की तू अजून का आहेस?"

रविवारी त्यांनी कारखान्यात जाऊन 'खलास' एवढंच सांगितलं.

विमानतळावर मामूंनी चाकांची खुर्ची नाकारली आणि लंगडत, पण स्वतःच्या पायांनी, आत गेले. आता शुक्रवारी आमच्याकडे कुणी येत नाही. ताक दुकानातून आणतो, आणि माझ्या बायकोचं ते ताक पिताना दरवेळी तोंड वाकडं होतं. मलाही मामूंची फार आठवण येते. दार उघडून कुणी आत आलं की मी उगाच बघतो.

परवा गावी फोन लावला तेव्हा तो मामींनी उचलला. मी विचारलं, मामू सुखात आहेत ना? त्या म्हणाल्या की सुखात आहेत, सकाळी उठून गावातल्या म्हशीवाल्यांना शहाणपण शिकवतात, दुपारी विहिरीच्या पंपाला हात लावून तो बिघडवतात.

"तुला सांगते, तीस वर्षांची सवय रे," त्या म्हणाल्या. "ते इथे समोर जेवत असतात आणि माझं लक्ष फोनकडे. वाटतं, आता यांचा फोन येईल."

आणि त्यांनी फोन मामूंच्या हातात दिला.