तमिळ पत्र आलं का?

मरगदमचं टायपिंगचं दुकान आणि माझं शिलाईचं दुकान शेजारी शेजारी, मधे प्लायवूडची एक भिंत. भिंत कसली डोंबलाची, नुसता पडदा! माझं मशीन थांबलं की तिच्या कळा ऐकू यायच्या, आणि मी फार वेळ गप्प बसलो की ती पलीकडून ओरडायची, "मास्टर, झोपलात की काय?" अंबासमुद्रमच्या तालुका कचेरीसमोर आमच्या दोघांची अर्धी हयात गेली. मी शिंपी माणूस, गोष्टी सांगणं हा काही माझा धंदा नाही. पण हल्ली लोक तिच्याबद्दल वाट्टेल ते बरळतात, की सख्ख्या भावाला दारातून हाकललं, मग देवानं दाखवलं वगैरे. कान किटले माझे. काय झालं ते मी पाहिलंय, म्हणून सांगतो.

टायपिंगचं दुकान तसं मालक पिच्चय्यांचं, पण चालायचं मरगदमच्या बोटांवर. अर्ज, लग्नपत्रिका, बारशाची आमंत्रणं, भिंतीवर चिकटवायच्या श्रद्धांजल्या, सगळं तमिळ तीच टाइप करायची. नववीत शाळा सुटलेली. इंग्रजी येत नव्हतं, पण कळांवर इंग्रजी अक्षरं छापलेली असायची ना, तेव्हा कुठल्या अक्षराखाली कुठलं तमिळ अक्षर दडलंय ते तिला झोपेतही सांगता यायचं. फॉन्ट बिघडला आणि पडद्यावर सगळा इंग्रजी कचरा उमटला की बाकीचे टायपिस्ट डोक्याला हात लावायचे. ही तो कचरा तमिळ असल्यासारखी घडाघडा वाचायची.

तसं वाचणारा आणखी एकच होता, तिचा भाऊ इसक्की. आई गेली तेव्हा तो एवढासा होता. हिनं त्याला वाढवलं, त्याच्यासाठी स्वतःचं लग्न करायचं राहून गेलं, आणि शाळा सुटली की त्याला दुकानातच आणून बसवायची. कीबोर्डवर टॉवेल टाकून त्याला टायपिंग शिकवलं. बघून टाइप केलं की पाठीत धपाटा! मग दोघांचा एक खेळ सुरू झाला. समोरच्या बँकेची इंग्रजी पाटी, बसवरची पाटी, औषधाच्या बाटलीवरचं नाव, सगळं तमिळ कळांनी वाचायचं आणि जे भलतंसलतं निघेल त्यावर खिदळायचं. मला भिंतीपलीकडे काही कळायचं नाही, उगाच चिडायचो मी. "काय दात काढताय रे?" म्हटलं की तो म्हणायचा, "मास्टर, तुमच्या दोऱ्याच्या रिळाला शिवी लिहिलीय!"

तो पोरगा दुसऱ्या जातीतल्या पोन्नीशी लग्न करून आला. देवळात माळा घातल्या आणि थेट अक्काच्या दारात येऊन उभे राहिले दोघं. मरगदमनं डोक्यात राख घालून घेतली होती. आतून कडी लावली. तो बाहेरून "अक्का, अक्का" करत राहिला. गल्लीतले सगळे बघत होते, आणि मला वाटतं ते बघत होते म्हणूनच तिला कडी काढता आली नाही. मी म्हटलं, "मरगदम, उघड गं बाई, पोरगी उन्हात उभीय." आतून म्हणाली, "मास्टर, तुम्ही तुमचे कपडे शिवा." शेवटी ते गेले. पोन्नीच्या घरच्यांनी तर दोघांच्या नावानं आंघोळच केली होती, तेव्हा गावात राहणार कुठे? मलेशियात क्लांगला एका तमिळ छापखान्यात त्याला काम लागल्याचं पुढे कुणाकडून तरी कळलं. वर्षभरानं त्याचं पत्र आलं, तर या बाईनं ते न फोडता पोस्टमनच्या हातात परत दिलं.

राग किती दिवस पुरणार? पत्र परत केल्यावर महिनाभरातच तिचा जीव तीळतीळ तुटायला लागला. पण पत्ता पाकिटावर, पाकीट परत गेलेलं. पोस्टमनला गाठून विचारलं, तर तो म्हणाला, "अक्का, परदेशातला पत्ता कोण लक्षात ठेवतं हो?" मग ती डोक्यात एकच घेऊन बसली. दुकानाच्या पाटीवर मेलचा पत्ता रंगवलेला होता. तो इसक्कीला पाठ होता, त्यानंच तर तो उघडून दिला होता पिच्चय्यांना. "लिहिलं तर तो तिथेच लिहील," म्हणायची. "मेल काही पोस्टमनला परत देता येत नाही मला."

पण तोवर पिच्चय्या थकले आणि दुकान त्यांच्या जावयाच्या हातात गेलं. ज्ञानराज त्याचं नाव. चांगला मुलगा, उगाच खोटं कशाला बोलू? त्यानं पुढे नवा कॉम्प्युटर आणला, नवं तमिळ आणलं, जे म्हणे जगात कुठेही उघडतं. दुकानातला जुना फोन काढून टाकला, सगळ्यांकडे मोबाइल होते. मरगदमला मोबाइल घे म्हटलं तर म्हणाली, "मला फोन करणार कोण?" तिचा जुना कॉम्प्युटर जुन्या फॉन्टसकट मागच्या बाजूला ठेवला, तिथे इंटरनेट नव्हतं. मेल पुढच्या नव्या मशीनवर ज्ञानराज बघायचा. आणि ही रोज दुकानात पाय ठेवल्या ठेवल्या त्याला विचारायची, "ज्ञानराज, तमिळ पत्र आलं का?"

"नाही, अक्का."

"नीट बघितलंस?"

"बघितलं, अक्का. कंपन्यांच्या जाहिराती आहेत, आणि इंग्रजीत काहीतरी व्हायरस. तमिळ एकही नाही."

भिंतीपलीकडे मी रोज हे ऐकायचो. कधी कधी माझंच टाळकं सटकायचं. इसक्कीलाच मनातल्या मनात शिव्या घालायचो, की अरे गाढवा, एवढं टायपिंग शिकवलं तिनं, दोन ओळी लिहायला तुझी बोटं झडली का? तिला तोंडावर काही बोलायची सोय नव्हती. सणासुदीला मात्र ती दोनदा विचारायची, सकाळी आणि दुकान बंद करताना.

वैकाशी महिन्यातली, भर उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारच्या चहाला मी उडदाचे वडे आणले होते. वड्यांना तेल सुटलं होतं, म्हणून मी त्यांच्या दुकानातल्या रद्दीच्या गठ्ठ्यातून एक कागद ओढला, त्यावर दोन वडे ठेवले आणि तिच्यासमोर सरकवले. तिनं नेहमीसारखा वडा कागदात दाबून तेल काढलं. वडा तोंडाशी नेला आणि तिथेच थांबली.

"काय झालं? शिळा आहे का?" मी म्हटलं. "त्या वडेवाल्याला आत्ता जाऊन..."

"मास्टर, हा कागद कुठला?"

"रद्दीतला. का गं?"

ती कागदावर बोट ठेवून एकेक अक्षर दाखवायला लागली. हे मला नंतर तिनंच समजावलं, म्हणून सांगता येतंय. इंग्रजीतला एम, मग एफ, मग अर्धविराम, परत एफ, आणि शेवटी एच. तुम्ही आम्ही वाचलं तर काय? कचरा. पण तिच्या कळांवर एम म्हणजे अ. एफ म्हणजे क. अर्धविराम म्हणजे त्या क ला अर्धा करणारा टिंब. मग पुन्हा क, आणि एच म्हणजे काना.

"अक्का," ती म्हणाली. "मास्टर, इथे अक्का लिहिलंय."

वडा तिच्या हातातून खाली पडला. मी ज्ञानराजला हाक मारली. तो कागद बघून हसतच म्हणाला, "हां, तो व्हायरस, अक्का. एकाच पत्त्यावरून तीनदा आला. कॉम्प्युटरवाल्याला दाखवायला एक छापून ठेवला होता, बाकीचे काढून टाकले." मग त्याचं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे गेलं आणि त्याचं हसू जागच्या जागी विरलं. ती वाचत होती. तेलानं कागद आरपार दिसत होता, तरी ती कुठे अडखळली नाही.

"अक्का, हे माझं तिसरं पत्र. परत करता येऊ नये म्हणून मेलवर लिहितोय. ज्या मशीनवर तू मला शिकवलंस तिथेच तू हे वाचत असशील. उत्तर देत नाहीस, चालेल, तुझा राग मला ठाऊक आहे. पंगुनी उत्तिरला आम्ही तिघं गावी येतोय. पोरगी तीन वर्षांची झाली. देवळात मी तुझ्याशिवाय पाय ठेवणार नाही, आणि बंद दारासमोर पोरीला उभं करणार नाही. सकाळच्या गाडीनं उतरू आणि स्टेशनावरच थांबू. तू आलीस तर तुझ्या मागोमाग घरी येऊ. संध्याकाळच्या गाडीपर्यंत नाही आलीस तर काय समजायचं ते मी समजेन आणि पुन्हा कधी त्रास देणार नाही. हा मेलही बंद करीन. तो तुझ्यासाठीच उघडला होता."

उत्तिरचा सण होऊन दोन महिने उलटले होते.

आणि उत्तिरच्या दिवशी ही कुठे होती? रानातल्या आमच्या शास्ताच्या देवळात. त्या दिवशी जगाच्या पाठीवरून माणसं आपल्या कुलदैवताला येतात, मग इसक्कीही येईल, म्हणून दरवर्षी ती पहाटेपासून देवळाच्या कमानीखाली बसायची. यंदाही बसली होती. मी स्वतः तिला तिथे प्रसादाचा पोंगल भात नेऊन दिला होता. ती कमानीतून आत येणाऱ्या प्रत्येक माणसाचं तोंड बघत होती, आणि तो तिकडे स्टेशनावर हिची वाट बघत होता. कुणाला काय बोलायचं, सांगा! मला तर रागही कुणावर काढावा ते कळेना.

मग ज्ञानराजवरच काढला. "डोळे फुटले होते का रे तुझे? तीनदा आलं पत्र!"

तो बिचारा रडकुंडीला आला. "मास्टर, अक्का तमिळ पत्र विचारत होत्या हो. मी तमिळच शोधत होतो. हे सगळं इंग्रजी दिसत होतं."

"ओरडू नका त्याच्यावर," मरगदम म्हणाली. "मी विचारलं तेच त्यानं सांगितलं."

कागदावर वरच्या बाजूला इसक्कीच्या मेलचा पत्ता होता. तिनं ज्ञानराजला उठवलं आणि पुढच्या मशीनवर स्वतः बसली. जुन्याच कळांनी लिहायला लागली. ज्ञानराज हळूच म्हणाला, "अक्का, त्यांच्याकडे हा फॉन्ट नसला तर?" ती म्हणाली, "नसू दे. माझ्या हाताखालचा आहे, वाचेल." एवढंच लिहिलं, की दार उघडं आहे, पत्र आज मिळालं, आज. पाठवलं. आम्ही तिघंही पडद्याकडे बघत उभे. क्षणभरात उत्तर आलं आणि तिचा चेहरा असा काही उजळला की काय सांगू. पण ते मशीनचं उत्तर होतं. असा पत्ता आता अस्तित्वात नाही, म्हणून.

क्लांगमधल्या तमिळ छापखान्यांना ज्ञानराजनं फोनावर फोन केले. एका ठिकाणी म्हणाले, होता इसक्की, चांगला कामगार होता. गावाहून परत आला आणि काम सोडून कुटुंबासकट निघून गेला. कुठे ते कुणाला माहीत नाही, फार बोलायचा नाही हो तो शेवटी शेवटी.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मास्टर, मला स्टेशनावर घेऊन चला."

"आता काय आहे तिथे, मरगदम?"

"आला तरी होता का, ते विचारते. नसेलच आला. रागानं नुसतं लिहिलं असेल, पोरकट आहे तो." हे म्हणताना तिच्या आवाजात एवढी आशा होती की मला नाही म्हणवेना. तो आलाच नव्हता असं कुणीतरी सांगावं, एवढंच तिला हवं होतं. मलाही तेच हवं होतं.

आमचं स्टेशन लहान. दोन बाकडी, एक कडुनिंब आणि खाली टोपली घेऊन बसणारी एक पेरूवाली. तिला मीच विचारलं, उत्तिरच्या दिवशी इथे कुणी जोडपं बघितलंस का, बरोबर लहान मुलगी.

"विसरेन कशी, अण्णा?" ती म्हणाली. "सकाळच्या गाडीनं उतरले नि दिवसभर या बाकावर बसून. मला वाटलं कुणी न्यायला येणार असेल. बाप सारखा फाटकाकडे बघायचा. पोर मात्र माझ्याशीच खेळत होती, काय गोड पोर! मी पेरू कापून दिला, तिखट-मीठ लावून. म्हटलं, नाव काय गं तुझं? तर म्हणते, मरगदम."

मी मरगदमकडे बघितलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

"म्हटलं, आणि इथे उन्हात कुणाची वाट बघतेस? तर म्हणते, मरगदमची. मला हसू आवरेना. म्हटलं, अगं वेडे, मरगदम तर तूच ना! तर पाय आपटून म्हणते, मी छोटी मरगदम, मोठी यायचीय. संध्याकाळची गाडी आली तरी चढेना हो. आईनं उचललं तर हात-पाय झाडत रडायला लागली, मोठी मरगदम अजून आली नाही म्हणून. बापाच्या डोळ्यांत तेव्हा पाणी बघितलं मी."

ती बोलायची थांबली. माझ्या मागे बघून तिनं आवाज खाली केला. "ह्या कोण, अण्णा?"

मरगदमनंच आपलं नाव सांगितलं. सांगितलं, आणि तिथेच फलाटावर बसकण मारून लहान पोरासारखी मोठ्यानं रडायला लागली.