नागप्पा पाणाड्याचे चिंचोके

“नागप्पा गेला,” असा अझहरचा मेसेज ग्रुपवर आला तेव्हा मी लातुरातल्या क्लासमध्ये पोरांचे पेपर तपासत बसले होते. मी लगेच लिहिलं, “तो कधीच गेलाय. मेलेला दुसऱ्यांदा मरत नाही, नियम वाच.” थोड्या वेळाने अझहरचं उत्तर आलं, “खेळातला न्हाई, सुनंदा. आपला बसू गेला.” माझं ते वाक्य अजून तिथेच आहे. पुसता आलं असतं, पण सगळ्यांनी वाचलं होतं.

बसवराज देवणीचा. विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही सहा जण एका वर्गात होतो. पुढे सगळे पांगले आणि दुष्काळाच्या या वर्षी, लातूरला रेल्वेने पाणी येत होतं तेव्हा, त्यानेच हा लिहून खेळायचा खेळ काढला. तहानपूर नावाचा तालुका, जो जिल्हा होऊ पाहतोय. प्रत्येकाने एक माणूस घ्यायचा आणि तो काय करतो, काय बोलतो ते ग्रुपवर लिहायचं. मी त्या होऊ घातलेल्या जिल्ह्याची कलेक्टर झाले, अझहर टँकरवाला. बसू झाला नागप्पा, अनवाणी हिंडून जमिनीतलं पाणी सांगणारा पाणाड्या. खरा बसू तोवर डायलिसिसवर होता. जिना चढताना दोनदा थांबायचा... नागप्पा मात्र एका दुपारी चार गावं चालायचा.

सुरुवातीला नियम नव्हते, आणि बसूला ते तसंच हवं होतं. तो म्हणायचा, मी पाणी लागलं असं लिहिलं तर तू ते खारट निघालं असं लिही, मी त्यातून वाट काढतो. एकाने दुसऱ्यासाठी जागा सोडायची, खेळ म्हणजे तेवढंच. ऐकायला गोड होतं. प्रत्यक्षात अझहरचा टँकर एकाच वेळी तीन गावांत उभा असायचा, जो तो हिरो व्हायचा आणि हरायला कोणी तयार नसायचं. मनात येईल तिथे पाणी लागत असेल तर तो दुष्काळ कसला, असं मी भांडून म्हटलं. मग मी नियम लिहिले. फोडून घासलेले चार चिंचोके टाकायचे, दोन तरी पांढरे पडले तर काम फत्ते. आठ दिवस ज्याने काही लिहिलं नाही त्याचा माणूस तहानेने मेला. आणि जो मेला त्याने पुढे सगळ्यांचे चिंचोके टाकायचे, कारण त्याला आता कोणाच्या हारजितीशी देणंघेणं नाही. नियमांनी खेळात जान आली हे बसूनेही कबूल केलं. मी जन्मभर मार्क कापत आलेली बाई, मला फार बरं वाटलं.

मग बसूला लातूरच्या दवाखान्यात ठेवलं. मला माहीत होतं. क्लासपासून रिक्षाने दहा मिनिटं, तरी मी गेले नाही. परीक्षा होत्या असं तेव्हा स्वतःला सांगितलं. नवव्या दिवशी त्याने लिहिलं, “सुनंदे, एकडाव सूट दे. नागप्पाला अजून एक हीर दावायची हाय.” मी लिहिलं, नियम सगळ्यांना एकच. आणि त्याच्या नागप्पाला चार ओळींत मारलं. कोरड्या नदीत, ओठ फुटलेला, हातातली काठी जमिनीकडे वळलेली. चांगलं जमलं होतं. ग्रुपवर अंगठे आले, त्यात बसूचाही एक होता.

“हाव, मेलेल्यानं अजून काय करावं?” असं म्हणून त्याने चिंचोक्यांचं काम घेतलं. आईचे घासलेले चिंचोके दवाखान्यात मागवलेत म्हणाला. दोन महिने तो आकडे कळवत राहिला. तीन पांढरे. दोन पांढरे. काठावर, पण निभावलं. माझी कलेक्टर मोर्च्यातून वाचली, अझहरचा टँकर घाटातून सुखरूप उतरला. तहानपूर जिल्हा झालं आणि त्यानंतर कोणी मेलं नाही. बघा, नियम पाळले की असं होतं, असं मी त्यालाच ऐकवलं होतं. त्याने नुसता नमस्कार पाठवला.

गेल्या पंधरवड्यात देवणीला जाऊन आले. त्याच्या आईने पाणी दिलं आणि देवळीतून एक पितळी डबी काढून माझ्यापुढे ठेवली.

“तुमच्या खेळातले चिंचोके. गडबडीत हितंच राहिले. दोन महिने या देवळीतून हालले न्हाईत.”

मी म्हटलं, पण तो तर रोज टाकायचा.

“कशाचं टाकतोय? सलाईन लावलेल्या हातानं? मनानंच लिवतो म्हनायचा. कुनाला मारायचं न्हाई, म्हनायचा.” मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “तुमचा नियम लई कडक व्हता म्हनं.”

त्यांनी डबी मलाच दिली. ती आता क्लासच्या टेबलावर, लाल पेनांशेजारी असते. मी उघडलेली नाही. देवणीहून आल्यापासून मी ग्रुपवर एक अक्षर लिहिलेलं नाही, म्हणजे माझ्याच नियमाने कलेक्टर आठव्या दिवशी मेली. ग्रुपवर तसं कोणी लिहिलं नाही. मला लिहायला हवं. रोज लिहायला घेते, आणि कलेक्टरला अजून एक दिवसाची सूट देते.