आरशावरचं खानदान

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक सलून आहे. त्याच्या मालकाला सगळे कंगवा म्हणतात. अंगाने तसाच, किडकिडीत आणि दात पुढे आलेले. त्याला या नावाचा राग येत नाही. आला तरी गिऱ्हाइकाचा गळा त्याच्या हातात असतो, तेव्हा आपणच बेतानं बोलावं.

दोन वर्षांपूर्वी कंगव्याचा थोरला भाऊ गेला, अडतिसाव्या वर्षी. ना ताप, ना खोकला. सकाळी गजर वाजला, दचकून उठून बसला आणि तसाच आडवा झाला. डॉक्टरांनी कंगव्याला आणि वहिनीला समोर बसवून सांगितलं, हृदयाचे ठोके ज्या विजेवर चालतात तिच्यातच गडबड असणार. हा दोष घराण्यातून उतरतो, रक्ताच्या सगळ्यांनी ईसीजी काढून घ्या. कंगव्याने दुसऱ्याच दिवशी काढला. चांगला निघाला. राहिली भावाची चौदा वर्षांची मुलगी, चिमणी. वहिनी म्हणाली, "नाही."

"का पण?"

"आत्ता ती उठते तेव्हा मी स्वयंपाकघरात असते. तो कागद आला की रोज तिच्या उशाशी उभी असेन. राहू द्या भाऊजी."

घरात डाळ शिजेना म्हणून गडी गल्लीच्या मागे लागला. अशा घराण्यांना शोधून तपासणीला लावायच्या कामाला वाहून घेतलेली एक छोटी संस्था आहे, तिचा स्वयंसेवक झाला. तिथे वंशावळ काढायला शिकवतात. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल, आणि तरुणपणी अवचित गेला त्याच्यावर फुली. बाकीचे स्वयंसेवक वहीत काढतात. हा आरशावर काढायचा, साबणाच्या वडीने. तुमचा चौकोन बरोब्बर तुमच्या चेहऱ्याभोवती!

आणि विचारायचा कधी? वस्तरा गळ्याशी आला की. "घरात कोणी तरणंताठं अचानक गेलंय का हो?" मान हलवायची सोय नाही. मी तर आठवड्यातून दोनदा दाढीला जाऊ लागलो. इतक्या बातम्या वर्तमानपत्रात कुठे मिळतात? कोणाचा चुलता पट्टीचा पोहणारा असून तलावात बुडाला होता. कोणाची दुसरी बायको कुठल्याच गोलात बसेना. फुल्या निघालेली दोन घरं ईसीजीला गेली, दोन्ही स्वच्छ निघाली. त्यातल्या एकाने नंतर सलूनच बदललं.

एका शनिवारी वहिनी चिमणीला केस कापायला घेऊन आली. कंगव्याला कुठला धीर? अर्धे केस कापून झाल्यावर उचलली वडी. वर भावाचा चौकोन, त्यावर फुली, खाली गोल आणि गोलात चिमणीचं तोंड. वहिनीने पाहिलं, पोरीला खुर्चीवरून उठवलं आणि चालू पडली. कंगवा कात्री घेऊन मागे धावला. "वहिनी, डावी बाजू तरी करू द्या!"

तेवढ्यात वाचनालयातले ग्रंथपाल येऊन त्या खुर्चीत बसले. समोर पाहतात तो आपला चेहरा गोलात आणि डोक्यावर फुली. गोल म्हणजे बाई हे त्यांना माहीत नव्हतं ते एक बरं. हा गृहस्थ वाचनालयाबाहेरही कुजबुजतो, तो विचारणार काय? गुपचूप उठले आणि थेट दवाखान्यात. आणि गंमत बघा, त्यांच्या ईसीजीत निघालं! एका ठोक्यानंतर पुढच्यासाठी तयार व्हायला त्यांच्या हृदयाला जास्त वेळ लागतो म्हणे. औषध सुरू झालं.

आठवड्याने येऊन त्यांनी कंगव्याचे हातच धरले. "तुम्हाला कसं कळलं?"

"काय कळलं?"

"आमच्याकडे तर सगळे नव्वदीच्या घरात गेले. एक फुली नाही."

कंगव्याला कोडं पडलं. फुलीवाल्यांना काही नाही आणि बिनफुलीवाल्याला आहे? डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, काहींमध्ये दोष जन्मभर गप्प बसतो, काहींमध्ये नव्यानेच सुरू होतो. याने तर उरलंसुरलं कळत होतं तेही गेलं. चार दिवस सलूनमध्ये नुसता वस्तरा चालला.

एवढी बातमी माझ्या पोटात राहते थोडीच! वहिनीच्या कानावर मीच घातली. ती तडक सलूनमध्ये आली.

"ज्याच्या घरात काही नाही त्याला निघालं. मग चिमणीला नसेलही?"

"नसेलही."

"आणि असेलही?"

"असेलही, वहिनी."

"तुमचं तर पक्कं होतं सगळं!"

"होतं."

वहिनी म्हणाली, "तुम्ही ठासून बोलायचात ना, त्याचीच धास्ती वाटायची. आता तुम्हालाही कळत नाही, मलाही नाही. चला, विचारून तरी येऊ."

गेले तिघं. दहा मिनिटांत ईसीजी झाला. डॉक्टरांनी पट्टी दोनदा मोजली. "काठावर आहे. आहे म्हणवत नाही, नाही म्हणवत नाही. चोवीस तासांची नोंद घेऊ, मग बघू. तोवर शर्यती, पोहणं बंद."

बाहेर येताच चिमणीने विचारलं, "म्हणजे मला आहे की नाही, काका?"

शंभर गिऱ्हाइकांना समजावून सांगणारा काका. म्हणाला, "मला नाही माहीत गं."

"मग उद्या शाळेत जाऊ?"

"जा," कंगवा म्हणाला. "नको," वहिनी म्हणाली. दोघंही एकदम.

मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "तसं गेली तर चालेल," वहिनी म्हणाली. "नाहीतर राहू दे," कंगवा म्हणाला.

"नक्की काय?" चिमणीने पाय आपटला, आणि दोघांच्याही काळजात धस्स झालं.

पुन्हा आत विचारायला गेले, तर दारावर पाटी, जेवणाची सुट्टी. तिघं बाकावर बसले. वहिनीने कागद उलटसुलट करून पाहिला आणि कंगव्याला दिला. त्याने तो पाहून परत तिला दिला. मध्ये बसलेली चिमणी म्हणाली, "मला द्या." तिने तो मांडीवर पसरला आणि वळणावळणांवरून बोट फिरवत बसली. तिला कोणी अडवलं नाही.