बांगडीतल्या पिना

तळवलीहून आमच्या बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशींच्या बांगडीत कायम सेफ्टी पिनांचा झुबका लटकलेला असतो. डायपरने बाळाला पुरळ उठलं म्हणून मी कापडी लंगोट आणले, वेलक्रोचे. मावशींनी वेलक्रो आधी स्वतःच्या गालावर घासून बघितला आणि म्हणाल्या, "बोचतंय, बाय." मग टिचबटणांचे आणले, तर ते बाळाच्या एवढ्याशा कमरेवरून घसरायला लागले. शेवटी मावशींनी जुन्या धोतराचे चौकोनी तुकडे मागून घेतले. तेव्हापासून बांगडीतली एक पिन काढायची, सहज सरकावी म्हणून आपल्या तेलकट केसांतून फिरवायची आणि कापडात घालायची, हे रोजचंच झालं.

मला ते बघवायचं नाही. "मावशी, नाडी बांधा ना," मी म्हणायचे.

"नाडी सुटते. आमी काय पिनेवर मोठे झालो नाय?"

परवा पिन लावताना बाळाने जोरात लाथ झाडली आणि भोकाड पसरलं. पांढऱ्या कापडावर रक्ताचा ठिपका दिसला. मी लंगोट ओढून काढला, बाळाचं पोट बघितलं, मांड्या बघितल्या. साधा ओरखडाही नव्हता.

"त्याचं नाय, माजं हाय," मावशी म्हणाल्या. पिन लावताना त्या डाव्या हाताची दोन बोटं कापडाच्या आत, बाळाच्या पोटाशी धरतात, हे मला तेव्हा कळलं. त्या बोटांवर टोचल्याच्या जुन्या खुणा होत्या.

"हुश्श!" माझ्या तोंडून निघून गेलं आणि लगेच मी जीभ चावली.

मावशींनी बोट तोंडात घातलं, दुसऱ्या हाताने बांगडीतली नवी पिन काढली आणि हसल्या.

"मी पन मनात तेच बोलले, बाय."