हिरवा शेणकिडा

आखातात, झिंज भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये समोरच्या फ्लॅटात एक इजिप्शियन बाई राहायची. शाळेत शिकवायची. तिचं इंग्लिश तोडकंमोडकं, माझं अरबी ‘यल्ला’ आणि ‘खलास’पुरतं, तरी आमचं छान जमायचं.

चौथ्या महिन्यात माझं पोटातलं बाळ गेलं. हॉस्पिटलमधून घरी आले तेव्हा सगळ्यांत आधी तीच आली, मसुराचं सूप घेऊन. जाताना माझ्या हातात तिनं एक हिरवा दगड ठेवला. निरखून पाहिला, तर किडा! शेणाचे गोळे ढकलत नेणारा, गावाकडे पाहिलेला शेणकिडा.

“हे काय?”

“मेलेल्या माणसाच्या छातीवर ठेवतात,” ती म्हणाली. “हार्टवर.”

मग मला का दिला?

संध्याकाळी नवऱ्याला दाखवला. “ताईत?” तो दचकलाच. आमच्या दोघांच्याही घरी धम्म घेतला तेव्हाच गंडेदोरे विहिरीत गेले होते. “परत देऊन टाक.”

“तिला वाईट वाटेल.”

“मग ठेव.”

“ठेवू तरी कशी?”



शुक्रवारी परत द्यायला गेले. तिनं मला बसवलं आणि सावकाश सांगू लागली. फार पूर्वी तिकडे लोक मानायचे, की मेल्यावर देवापुढे माणसाचं काळीज तोलतात. तेव्हा त्यानं आपल्याच माणसाविरुद्ध साक्ष देऊ नये, म्हणून हा किडा.

“तू रोज म्हणतेस, मी बादली उचलली, मी स्टुलावर चढले. डॉक्टर म्हणाली ना, तसं काही नाही? तुझं हार्ट तुझ्याविरुद्ध बोलतंय. त्याला गप्प बसव.”

“तुमचा विश्वास आहे यावर?”

“माझा? मी मुसलमान आहे!” ती हसली. “आणि हा कैरोच्या बाजारातला आहे. नकली.”

तिचा विश्वास नाही, माझा नाही, दगडही खरा नाही. तरीही हॉस्पिटलात न आलेलं रडू मला तिच्या सोफ्यावर आलं. ती नुसती पाठीवरून हात फिरवत राहिली.

घरी आले तेव्हा दगड माझ्या मुठीतच होता.

“दिला नाहीस?” नवऱ्यानं विचारलं.

“नाही.”

“मग घालणार आहेस?”

“छे!”

“मग कशाला ठेवलास?”

मला सांगता येईना. तो चहा टाकायला उठला.