बुडाला गार वारा, पायाला पायरी न्हाई

दिवाळी झाली, पाव्हणं येऊन गेलं, फराळाचं डबं धुऊन पालथं घातलं, तरी माझा राग काय उतरंना. त्या सातारच्या शोरूमची आठवण झाली की हातातलं लाटणं आपोआप जोरात आपटतंय. आमचं हे म्हणतात, "आगं, पोळपाट फुटंल." फुटू द्या. ऐका आधी काय झालं ते.

गोष्ट बिराप्पाची हाय. बिराप्पा म्हंजे आमच्या रहिमतपूरच्या रानात दरसाल मेंढरं बसवणारा धनगर, जत तिकडच्या माळावरचा. दिवाळी झाली की तिकडचं गवत संपतं, मग हा बायकोला आन मेंढरांना घेऊन हिकडं कृष्णाकाठाला उतरतो. रात्रीची मेंढरं आमच्या रानात बसतात, रानाला खत मिळतं, त्याला जोंधळा मिळतो. सासऱ्यांच्या वेळंपास्नं असंच चाललंय. मी लगीन होऊन आले तवा बिराप्पाला मिसरूड बी नव्हतं. आता मिशा पार पांढऱ्या झाल्या, पण त्यांना पीळ द्यायची खोड काय गेली न्हाई. मी म्हणते, "बिराप्पा, मेंढरं मोजताना चुकशील एकवेळ, मिशी पिळताना न्हाई चुकायचा." तो हसतो नुसता. गडी गुणाचा.

त्याची बायको धोंडुबाई. आन तिसरी कवडी, त्यांची घोडी. अंगावर पांढरं ठिपकं होतं म्हणून कवडी. सगळं बिऱ्हाड तिच्या पाठीवर: भांडी, घोंगडी, मेंढरांभोवती लावायची जाळी, आन दोन्ही अंगाला पिशव्या. वाटंत जन्मल्याली कोकरं त्या पिशव्यांत, मुंडकी तेवढी भाईर. धोंडुबाईचं गुडघं गेलं तवापास्नं ती बी कवडीवरच बसायची. बसायच्या आधी कवडीच्या नाकापुढं हात धरायची. घोडीनं वास घेतला, फुर्र केलं, की मगच वर. मी चिडवायची, "व्हय गं, बस कंडक्टरला बी असाच हात हुंगायला देतीस का?"

ह्या उन्हाळ्यात कवडी मेली.

आन मग त्यांचं पोरगं धनाजी, जे साताऱ्यात कंपनीत कामाला हाय, ते म्हणालं, "बास झालं आता. मेंढरं इका आन माझ्याकडं येऊन ऱ्हावा." धोंडुबाईनं मला फोन केला. रडली न्हाई, ती रडत नसती. म्हणाली, "वैनी, तिसऱ्या मजल्यावर कोंडून घालणार म्हणं मला. तिथं मी करू काय? खिडकीतनं गाड्या मोजू?"

दुसऱ्या घोडीवर बसायला धोंडुबाई काय तयार नव्हती. तर असं ठरलं की दिवाळीनंतर निघायच्या आत धोंडुबाईला आन कोकरांना न्हेणारी गाडी मिळाली, तर मेंढरं ऱ्हायची. न्हाईतर इकायची. बिराप्पाचा पुतण्या आकाराम मेंढरांमागं चालायला तयार हुता, सवाल फक्त गाडीचा. तुमी म्हणाल पिकप घ्यावं. मागल्या साली कवडी थकली तवा भाड्यानं आणलं हुतं की! त्याच्यावरच बिराप्पा गाडी शिकला. आन आमच्या काळ्या रानात ते असं रुतलं, की ट्रॅक्टर लावून ओढताना त्याचा बंपर ट्रॅक्टरबरुबर गेला आन पिकप तिथंच ऱ्हायलं. म्हणून चारी चाकं ओढणारी गाडी पायजे. एवढंच मागणं. चारी चाकं.

बिराप्पा आन धोंडुबाई यष्टीनं माझ्याकडं आली. तिला शोरूमचा जिना चढाय नको म्हणून घरी ठेवली, आन मी निघाले बिराप्पाबरुबर साताऱ्याला. मी नसते गेले तर त्यानं तिथंच सही केली असती, हे आधीच सांगते.

शोरूममदी काचंसारखी फरशी. बिराप्पानं पायताण भाईर काढलं. मी म्हणाले, "घाल रं, देऊळ न्हाई हे." तिथं अवधूत नावाचं पोरगं आलं, गळ्यात पट्टा, केसाला चमक. लय नम्र. "या सर, बसा मावशी, कॉफी घेणार?"

आन समोर ती उभी. टॉप मॉडेल. त्याचं नाव म्हणं 'शिखर एडिशन'. दारावर डोंगराचं चित्र चिकटवल्यालं.

बिराप्पानं तिला एक चक्कर मारली. मग दुसरी, उलट्या अंगानं. घोडी घेताना मारतो तशी. खाली वाकला, चाकावर थाप मारली, दोन पावलं मागं सरून मान तिरकी करून बघितलं. आन मिशीला हात गेला. मी वळखलं, गडी गेला हातातनं.

"ह्याला चारी चाकांचं हाय का?" मी इचारलं.

"हो मावशी! फोर बाय फोर फक्त शिखरमध्येच येतं."

"आन त्या खालच्या साध्या गाडीत?"

"त्यात नाही. मधल्यातही नाही."

"मग ह्यात अजून काय काय हाय?"

पोराचं तोंड उघडलं ते मिटंना. छताला उघडणारी काच. दारात सात रंगाचं दिवं. बोललं की ऐकणारी गाडी. पांढऱ्या सीटा, आन त्या सीटांना बारीक भोकं, त्यातनं गार वारा येतो.

"कुठं येतो वारा?"

अवधूत लाजला. "म्हणजे... सीटमधून. आपण बसतो तिथं."

"बुडाला?"

बिराप्पा खोकला. अवधूतनं मान हलवली.

"बरं," मी म्हणाले, "तो बुडाचा वारा नको आमाला. छताची काच नको, दिवं नको. त्याचं पैसं वजा कर आन चारी चाकं तेवढी दे."

"असं मिळत नाही मावशी. पॅकेज असतं."

आता मला सांगा, ही कुठली रीत? मी वाण्याकडं जाऊन मीठ मागितलं, तर तो म्हणंल का, की मीठ पायजे तर बदाम, केशर आन अत्तराची कुपी घ्यावीच लागंल? ज्याला चिखलात जायचंय त्यालाच पांढऱ्या सीटा! चिखल आन पांढरी सीट एका पॅकेजात बांधणाऱ्या माणसाला मला एकदा भेटायचंय. जेवाय वाढते, आन मग बोलते.

पण बिराप्पा? तो आत जाऊन बसला हुता. वारा चालू करून. "वैनी," म्हणतो, "लय भारी हाय ओ."

"व्हय, दिसतंय. पण आधी रानात घालून बघू."

अवधूत दचकला. "मावशी, टेस्ट ड्राइव्ह फक्त हायवेवर असते. कच्च्यात न्यायला परवानगी नाही."

मी त्याच्याकडं बघितलं, दाराकडं बघितलं. "हे चित्र कशाचं हाय?"

"डोंगराचं."

"आन गाडी डोंगरात न्यायची न्हाई?"

"विकत घेतल्यावर न्या ना."

माझं डोकं असं फिरलं म्हणता! पण मी बी काय कमी न्हाई. आवाज खाली आणला. म्हणाले, "बाळा, यांच्यात देवाला दाखवल्याबिगर कुठलीच खरेदी हुत न्हाई. आमच्या रानाच्या बांधाला बिरोबा हाय. तेवढं दर्शन करून आणू." आन हे खरंच हाय, बिरोबा हायच तिथं. देवाला नको कोण म्हणंल? मॅनेजरनं बी मान डोलावली. बिरोबापर्यंत जायला उसाच्या पट्ट्यातनं जावं लागतं, आन त्या पट्ट्याला आदल्या दिवशी पाणी सोडलंय, हे मला कुणी इचारलं न्हाई.

रहिमतपूरला आलो. बांधाशी बिराप्पानं गाडी स्वतःकडं घेतली आन सरळ चिखलात घातली. अवधूतनं वरचा दांडा धरला. "सर! सर, थांबा! सर!" गाडी घसरली, चिखल काचंवर उडाला, मग चारी चाकांनी जमीन धरली आन म्हशीवाणी डुलत डुलत पार पलीकडं. खोटं कशाला बोलू, गाडी दमाची निघाली. अवधूत खाली उतरून चिखलाच्या चाकाकडं बघतच ऱ्हायला.

"मावशी, खरंच चालते ओ ही!"

"म्हंजे तुला बी म्हाईत नव्हतं?"

"मी आजच बघितलं."

हसावं का रडावं?

बिरोबाच्या कट्ट्यावर धोंडुबाई आधीच येऊन बसली हुती, आमच्या पोरानं बांधाबांधानं हळूहळू आणून सोडल्याली. गाडी दारात थांबली तशी ती उठली, आन मुठी भरभरून भंडारा उधळला. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" अवधूतनं दाखवायला म्हणून छताची काच उघडी ठेवल्याली. सगळी हळद आत. पांढऱ्या सीटा, बारीक भोकं, सगळं पिवळं जर्द. त्यानं घाबरून वारा चालू केला, तर भोकातनं हळदीचा धूर! बिराप्पाची मिशी पिवळी झाली. मी पोट धरून हसले, खोटं न्हाई सांगत. पोरगं वल्ल्या रुमालानं पुसाय लागलं, तसं ते अजून पसरलं.

"ऱ्हाऊ दे रं लेकरा," धोंडुबाई म्हणाली. "देवाचं हाय, कोण रागवायचं न्हाई."

मग बिराप्पानं ऐटीत दार उघडलं. "बस."

धोंडुबाई पुढं आली. हात वर केला, गाडीच्या तोंडाकडं जरा बघितलं, काय कळंना तिला, मग हात खाली घेतला. एक पाय उचलला. पाय काय तिथवर पोचंना. परत उचलला. गुडघा कड्‌कन वाजला, मला ऐकू आला. शिखर म्हणून गाडी वर उचलल्याली, चाकं थोरली, आन दार माझ्या पोटापाशी!

सकाळपास्नं आमी तिघांनी छत बघितलं, चाकं बघितली, सीटा बघितल्या. जिच्यासाठी गाडी घ्यायची तिचा पाय कुणीच बघितला न्हाई.

"पायरी कुठाय?" मी अवधूतला इचारलं.

"फूटस्टेप वेगळी घ्यावी लागते मावशी. पण तीही तशी उंचच असते. आणि दगडाला लागते."

"खाली लोखंडी पायरी जोडून घेतली तर?"

"वेल्डिंग केलं की वॉरंटी जाते."

तवा माझा बांध फुटला. "आरं, सगळ्यात म्हागाची गाडी तुमची! बुडाला गार वारा देता आन पायाला पायरी न्हाई? बसायचंच जमंना, तर बूड गार करून काय करू?"

काळ्या रानात दगड कुठला मिळायला, म्हणून बिराप्पाच गाडीपाशी उकिडवा बसला, गुडघ्यावर हात मारला. "ठेव पाय हितं, चढ."

धोंडुबाई मागं सरली. "नवऱ्याच्या अंगावर पाय देऊ? देवाच्या दारात? येडा झालास व्हय?"

"कवडीवर बसताना दगड घेत हुतीस, तसंच समज."

"दगड दगड हाय. तू दगड हायस व्हय?"

बिराप्पा उठला. हळदीची मिशी, डोळं खाली. गाडीचं दार हळूच लावलं आन चावी अवधूतच्या हातात दिली. "चांगली हाय गाडी, बाळा. आमच्या मापाची न्हाई."

त्या राती तो नीट जेवला न्हाई. धोंडुबाई म्हणाली, "इक मग मेंढरं." त्यानं पितळी पुढं ढकलली. मला राग कुणाचा येत हुता म्हाईत हाय? चित्र चिकटवणाऱ्यांचा.

मग आमच्या ह्यांनी सांगलीला फोन लावला. माधवनगरला मानसिंग म्हणून ह्यांचा दोस्त हाय, जुन्या गाड्यांचं गॅरेज हाय त्याचं. त्याच्याकडं एक जुनी फोर बाय फोर पडल्याली, कुणा द्राक्षबागायतदारानं दिल्याली. पत्र्याची, मागं दोन बाजूला बाकडी, छत ताडपत्रीचं. वारा पायजे तर ताडपत्री उचला. बिराप्पानं तिला चक्कर मारली, पण ह्या येळंला एकच, आन ती बी धोंडुबाईला पुढं घालून. मानसिंगनं पट्टी घेऊन तिचा पाय किती उचलतोय ते बघितलं आन तेवढ्यावर पायरी जोडून दिली. कुणाची वॉरंटी गेली न्हाई, कारण नव्हतीच.

भाऊबीजंनंतर ती आमच्या रानात उतरली. मेंढरं पुढं, आकाराम मागं, आन त्याच्यामागं ही गाडी, घुर्रघुर्र करत, मागनं कोकरांची मुंडकी भाईर. पाटाचा चिखल वलांडताना जरा थांबली, मग निघाली.

शोरूममधनं मला रोज फोन. "मॅडम, अनुभव कसा होता? किती स्टार द्याल?" मी म्हणते, "पायरी लावा, मग मोजू."

पुढच्या रानाला निघायच्या दिवशी धोंडुबाई गाडीच्या म्होरं गेली आन इंजनाच्या जाळीपुढं हात धरून उभी ऱ्हायली.

"आगं, ती काय हुंगती व्हय?" मी म्हणाले.

"गप वो वैनी," धोंडुबाई म्हणाली. बिराप्पानं आतनं चावी फिरवली, गाडीनं फुर्र केलं. मग ती पायरीवर पाय ठेवून वर चढली.